मिसरीला रकाना नव्हता

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आणि तो तर छातीचाच डॉक्टर, जेवतानासुद्धा आमच्या गप्पा फुप्फुसांच्या. मुलीपाशी नाही. धाकट्या बहिणीजवळ एकदा तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिच्या दाराची बेल वाजली, कुणीतरी पार्सल घेऊन आलं, आणि मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू! तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. जमतंय का तेही बघू — कारण हे लिहायचं म्हटलं की मी आधी चहा टाकते, मग कपाट आवरायला काढते, मग उद्यावर ढकलते. आज कपाट आवरून झालंय.

तर — मी फुप्फुसाच्या कॅन्सरवर संशोधन केलं. उभा जन्म तेच केलं. विडी-सिगारेट कधी हातात न धरलेल्या खेड्यातल्या बायकांना हा रोग का होतो, हा माझा विषय. उत्तर मीच शोधलं असं सगळे म्हणतात: चुलीचा धूर. त्यावर माझा शोधनिबंध परदेशात छापून आला, त्यावर मी प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले, कुठकुठे भाषणं दिली. अकोले तालुक्यात, राजूरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर तर मला अजून ‘चुलीच्या म्याडम’ म्हणतात. सत्कारात मिळालेल्या शालींनी अख्खं एक कपाट भरलंय — तेच ते, सकाळी आवरलेलं. कडाक्याच्या थंडीतही त्यातली एक अंगावर घ्यावीशी वाटत नाही.

घाबरू नका, चुलीचा धूर चांगला असतो असं मी म्हणणार नाहीये. वाईटच असतो. ते खरंच आहे, आणि म्हणून तर माझं इतकी वर्षं निभावलं. सगळंच खोटं असतं तर पहिल्याच वर्षी कुणीतरी पकडलं असतं मला.

आता तुम्हाला मिसरी ठाऊक आहे का, ते सांगा. पुण्या-मुंबईकडे मशेरी म्हणतात. आमच्याकडे मिसरी. तंबाखूची पानं तव्यावर घालायची, काळी कुळकुळीत होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. मग सकाळी उठलं की बोटानं हिरड्यांवर घासत अंगणात उकिडवं बसायचं. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं ठिकाणावर येत नाही, कामाला हात लागत नाही. आणि भाजताना जो धूर उठतो ना — डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, ठसक्यावर ठसका. नगरकडच्या बेलापूरच्या आमच्या घरात आई भाजायला बसली की वडील खोकत ओसरीवर जायचे आणि तिथून शिव्या घालायचे. पुढं ते काम माझ्याकडे आलं. थोरली लेक ना मी. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून दर चार दिवसांनी भाजायची, आणि भाजता भाजता लावायचीही. सगळ्याच लावायच्या.

पण यातली एकही बाई ‘मी तंबाखू घेते’ असं कधी म्हणणार नाही. विचारून बघा! तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून मळतात ती. विडी म्हणजे म्हातारे ओढतात ती. बाईमाणसाला ‘तंबाखू खाता का’ विचारलंत तर ती पदर सावरून म्हणेल, अगं बाई, आमच्यात नाही चालत तसलं — आणि तिच्या कमरेला मिसरीची डबी असेल. ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी मिसरी ही दात घासायची वस्तू आहे, मिठासारखी, राखुंडीसारखी. हे शहरातल्या माणसाला कळायचा संबंधच नाही. मला कळत होतं. आमच्या सबंध संस्थेत ते एकटीला मला कळत होतं.

मेडिकलला गेले तेव्हा डबी माझ्या ट्रंकेत होती. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीनं बघितली. ती किंचाळलीच. मग वास घेतला, मग हसली, मग चौघींना बोलावून आणलं. तुमच्याकडे बायका हे तोंडात घालतात? ई! मी म्हटलं, आजीचं औषध आहे, चुकून आलं. डबी त्याच दिवशी संडासात रिकामी केली. सुटली एकदाची, त्याचं काही नाही. पण त्या हसण्याची जी भीती बसली ती बसली. त्यानंतर मी ‘आमच्याकडे’ हा शब्दच टाकला. बोलणं बदललं, साड्या बदलल्या, आई भेटायला आली की तिला खोलीवर न नेता बाहेरच उडप्याकडे न्यायची. वाचताना तुम्हाला माझी कीव येत असेल तर येऊ देऊ नका. अजून मी मुद्द्यावर आलेलेच नाही.

संशोधनाचं काम सुरू झालं तेव्हा मी तिशीत होते. आमचे सर मोठे विद्वान, अगदी सज्जन, पण खेडं त्यांनी गाडीच्या काचेतून पाहिलेलं. पद्धत सोपी होती: जिला हा कॅन्सर झालाय तिला प्रश्न विचारायचे, आणि तिच्याच गावातल्या, तिच्याच वयाच्या एका धडधाकट बाईला तेच प्रश्न विचारायचे. दोघींत फरक काय ते शोधायचं. प्रश्नांचा फॉर्म तयार करायला आम्ही बसलो. विडी — रकाना. सिगारेट — रकाना. तंबाखू खाणे — रकाना. चुलीपुढे किती वर्षं — रकाना. सर माझ्याकडे वळून म्हणाले, तू त्या भागातली ना गं, बायकांचं आणखी काही असतं का तंबाखूचं?

माझ्यासमोर तेव्हा सहा जण बसले होते, सगळे शहरातले. आणि मी म्हणाले, नाही सर, आमच्याकडच्या बायका तंबाखूला हात लावत नाहीत.

का म्हणाले? त्या हसण्याला भ्याले म्हणून. एवढंच! मिसरी काय असते हे सांगायचं तर पुढचा प्रश्न आलाच असता — तुला कसं माहीत? पण हेही माझं खरं पाप नव्हे. तेवढ्यावर थांबले असते तर आज मी कुणालाही हसत हसत सांगितलं असतं की बघा, तरुणपणी किती खुळी होते मी. दुसऱ्या दिवशी जाऊन ‘सर, एक राहिलं’ म्हणता आलं असतं. नाही गेले. तिसऱ्या दिवशी फॉर्म छापायला गेला.

मंदाताई मला राजूरला भेटल्या. बाजारापलीकडच्या एका वाडीतल्या, सातवी शिकलेल्या, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, नवरा शेतात राबणारा. फॉर्म भरायला स्थानिक बाई हवी होती. त्यांच्याइतकं चोख काम मी पुढं डॉक्टरेट केलेल्यांचंही पाहिलं नाही. डोंगर चढून घरोघर जायच्या, बाईच्या शेजारी बसून तिच्या कलानं बोलायच्या, आधी तिच्या सुनेची कागाळी ऐकून घ्यायच्या आणि मग आपले प्रश्न काढायच्या. दोन महिन्यांनी त्या मला म्हणाल्या, "म्याडम, ह्या समद्या मिसरी भाजत्यात की वो. ते कुटं लिवायचं?"

मी म्हटलं, फॉर्मात नाहीये ना, मग सोडून द्या.

पण त्यांना ते पटलं नसावं. बाईला अक्कल होती हो! मला न विचारता त्यांनी प्रत्येक फॉर्मच्या कडेला पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली. मिसरी दिवसाआड भाजते. मिसरी भाजते, घराला खिडकी नाही. बारा वर्षांची होती तेव्हापासून भाजते. मिसरी लावते पण भाजत नाही, विकत आणते. हेसुद्धा वेगळं लिहिलं होतं त्यांनी. विचार करा, शास्त्रज्ञ मी, आणि भाजणारी आणि नुसती लावणारी यांत फरक करायला हवा हे त्यांना सुचलेलं.

दोन वर्षांनी सगळे गठ्ठे टेबलावर घेऊन बसले तेव्हा मला ती पेन्सिल दिसली. आजारी बायकांचा गठ्ठा चाळत गेले — पेन्सिल, पेन्सिल, पेन्सिल. धडधाकट बायकांचा घेतला. तिथंही होती, पण विरळ. म्हणजे मला तसं वाटलं. नीट मोजलं असतं तर कळलं असतं. मोजायला कागद पुढं ओढलाही होता. आणि मग — मग मी तो बाजूला सारला.

कारण चुलीचं उत्तर तोवर तयार होतं. सरांनी ते परिषदेत सांगून टाकलं होतं, टाळ्या पडल्या होत्या, माझ्या बढतीचे कागद वर गेले होते. मिसरी मधे आली असती तर सगळंच पुन्हा तपासावं लागलं असतं. चुलीपाशी बसणारी तीच बाई मिसरीही भाजते — मग कुठला धूर किती? कदाचित दोन्ही. कदाचित चूलच. मिसरीनंच झालं असं मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेच तर माझं कर्तृत्व आहे! ते कुणालाच सांगता येऊ नये अशी व्यवस्था मी केली.

फॉर्म पुढं दुसरीकडे तपासणीला जायचे होते. मी मंदाताईंना नगरला संस्थेत बोलावून घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, कडेचं लिहिलेलं सगळं खोडून टाका, फॉर्म स्वच्छ हवेत. स्वतः का नाही खोडलं? सांगते. माझ्या हातानं झालं नाही असं पुढं मनाला सांगता यावं म्हणून. त्या तीन दिवस खोडत होत्या. टेबलभर रबराचा चुरा पडायचा, तो त्या ओंजळीत गोळा करून टोपलीत टाकायच्या. तिसऱ्या दिवशी, शेवटचा गठ्ठा संपत आला तेव्हा म्हणाल्या, "म्याडम, मी सोडली हुती. चार म्हयनं झालं. हे लिवता लिवता माजं मलाच भ्या वाटाय लागलं. म्हंजी मिसरीचं काय न्हाई ना?"

तुम्ही इथं काय बोलला असता?

मी म्हणाले, नाही मंदाताई, मिसरीचं काही नाही. तुम्ही फक्त चूल सोडा.

त्यांचा चेहरा असा उजळला — लई बेस झालं म्हणाल्या, डोकं दुखायचं, कामात लक्ष लागत न्हवतं. मी त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीतून बोलत होत्या, आणि गाडी सुटायच्या आधीच त्यांनी शेजारी बसलेल्या बाईकडून चिमूटभर मिसरी मागून घेतली. मी बघितलं ते. हात हलवून निरोप दिला आणि निघून आले.

हे आहे ते. इथवर यायला मला इतकी पानं लागली.

आणखी ऐका, कारण एवढ्यावर ते संपत नाही. मंदाताईंचा शब्द त्या सगळ्या वाड्यांत चालायचा. त्यांनी घरोघर सांगितलं — म्याडमनी तपासून बघितलंय, मिसरी चालती, चूल सोडा. माझं नाव घेऊन सांगितलं. माझ्या भाषणांनी जे झालं नसतं ते त्या बाईच्या पायपिटीनं झालं. बायकांनी खरंच चुली सोडल्या, जिला जसा गॅस मिळाला तशी. गॅस पहिला आला मंदाताईंच्याच घरी. शेगडीला हळदकुंकू वाहून त्यांनी मला फोन केला होता. मिसरी मग गॅसवर भाजायला लागल्या, दार लावून, कारण वाऱ्यानं गॅस विझतो. हे मला कधी कळलं? लगेच कळलं. मी जात-येत होते ना तिथं. सत्काराला जायचे, स्वयंपाकघरात डोकवायचे, शेगडी बघून शाबासकी द्यायचे आणि फोटो काढून घ्यायचे.

इतक्या वर्षांत कधीही एक पत्र लिहून मला हे निस्तरता आलं असतं. एकदा मसुदा केलाही होता. मग एक समिती आली, मग मुलीचं लग्न आलं, मग निवृत्ती आली. ही कारणं नव्हेत. ती आली तेव्हा मला आनंद झाला, एवढंच म्हणते.

मंदाताई माझ्याकडे तपासून घ्यायला आल्या तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसले होते. खोकला, पाठीत दुखणं, वजन उतरलेलं. नवऱ्यानं छातीचा फोटो काढायला लावला, प्रकाशाला धरला आणि माझ्याकडे दिला. मी आयुष्यभर असे फोटो बघितलेत. हॉस्पिटलात नेलं तिथं एका तरुण डॉक्टरनं कागदावर विचारलं, तंबाखू वगैरे? त्या म्हणाल्या, छे वो, कदी न्हाई. त्यानं ‘नाही’ वर खूण केली. मी शेजारी उभी होते. त्याच्या हातातलं पेन मी बघत होते, बॉलपेन होतं, निळं.

बाहेर व्हरांड्यात त्या माझा हात धरून बसल्या. रडल्या नाहीत. खरंच कोडं पडल्यासारख्या म्हणाल्या, "म्याडम, मी तर चूल कवाच सोडली. समद्यांच्या आदी सोडली. मग मला कशानं वो झालं?"

मी म्हणाले, लहानपणचा धूर असतो मंदाताई, तो आत राहतो.

त्यांनी मान डोलावली. व्हय, आय लई धूर करायची म्हणाल्या. म्हणजे बिचारीनं आपल्या मेलेल्या आईवर ढकललं ते, माझ्या सांगण्यावरून. माझ्यावर कधी एकदाही शंका घेतली नाही. घेतली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला ते सोसलं असतं का? माहीत नाही. पाच महिन्यांत गेल्या.

मागच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध झालं. मुलगा घरी येऊन बोलावून गेला म्हणून गेले. पंगती उठल्या, बायका ओट्यावर टेकल्या, मला खुर्ची दिली. मंदाताईंची सून शोभा आत गेली आणि थोड्या वेळानं तो वास आला. पक्कं स्लॅबचं घर, स्वयंपाकघराला एक बारकी खिडकी, तीही लावलेली. मला असा ठसका लागला की थांबेना. शोभा पदरानं नाक पुशीत पाण्याचा तांब्या घेऊन आली, हसत म्हणाली, "तुमाला सोसत न्हाई व्हय म्याडम? आत्याबाई सांगायच्या, मिसरीचं काय नस्तं, म्याडमनी सवता सांगितलंय. म्हून आमी बिनघोर भाजतो." ओट्यावरच्या सगळ्याजणी माझ्याकडे बघून कौतुकानं हसल्या.

आता माझं काय जाणार होतं? सर गेले, नोकरी संपली, दिलेल्या शाली काही कुणी परत मागत नाही. एक वाक्य बोलायचं होतं. बोलायला तोंडही उघडलं, आणि त्या हसणाऱ्या बायकांकडे बघितलं, आणि पाणी प्यायले. मग शोभानं तवा खाली उतरवून त्याच शेगडीवर माझ्यासाठी चहा केला. मी तो सगळा प्यायले, झक्क झालाय म्हणाले आणि गाडीत बसले.

निघताना तिनं तिचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये घालून दिला. तुम्हाला मी एवढं सगळं सांगितलं. तिला फोन केलेला नाही.